एकोडीकडे तोंड केलेला मजला

एकोडी, ता. साकोली
मे महिन्याची अखेर

प्रिय टीना,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, तुझी आई ठणठणीत आहे. गुडघे दुखतात, पण तोंडाला काही झालेलं नाही. काल माझ्याकडून लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन गेली आणि आज ताट परत द्यायला आली ती मीठ कमी होतं एवढं ऐकवूनच गेली. तेव्हा पंख्याखाली बस, पाणी पी आणि सावकाश वाच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू 'कशी आहेस' विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणते, आणि तेवढ्यात आपलं आटोपतं. शिवाय तू मधे बोलतेस. लहानपणापासूनची तुझी खोड आहे ती. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. आणि माझी भाषा वाचून हसू नको. शाळेत 'मले नाही येत' म्हणून फळ्यापासून पळणारी सरी आता अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून बाईंसारखी झाली आहे. हातात पेन आलं की मले-तुले आपोआप पळून जातं. तुझ्याकडे मला एक मागायचं आहे. मागायची लाज वाटते, कारण जे मागणार आहे ते मी स्वतः मानत नाही. जीवनला घरी आणायचं आहे, टीना. तो अजून आलेला नाही. असं वाचून तू कपाळाला हात लावशील, पण लावलास तरी पुढे वाच.

चैत्रात तू नव्या घरात राहायला गेलीस आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकलेस. काय ती बिल्डिंग. कुणीतरी खालून धरून वरून पीळ दिल्यासारखी, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा जरासा फिरलेला, वर जाता जाता अख्खी इमारतच मान वळवून मागे बघते आहे अशी. तू लिहिलं होतंस की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, आणि हो, प्रत्येक मजल्याचा सूर्य वेगळा. खालच्या बाईच्या स्वयंपाकघरात उगवतो, तुमच्याकडे मात्र उन्हाळ्यात अगदी हॉलच्या मधोमध येतो. मी तो फोटो तुझ्या आईला दाखवला. तिनं फोन आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाली, "जे घर एका जागी तोंड करून बसत नाही, तिथं मी झोपत नाही बापा. सकाळी उठून दार कोणीकडं होतं तेच इसरून जाईन." त्यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो. म्हणजे ती हसली. मी तिच्याकडे बघून हसले.

ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन धानाच्या कोठीवर पालथा ठेवला. तू नंतर रुसून विचारलंस, सरे, माझ्या घराबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस, जळतेस की काय. तेव्हा मी म्हटलं, हो जळते. तुला ती थट्टा वाटली. बरं झालं.

मी ती बिल्डिंग तुझ्या आधीपासून ओळखते. तिला काचा नव्हत्या, रंग नव्हता, नुसत्या सळया वर निघालेल्या होत्या, तेव्हापासून. जीवन मुंबईत कामावर असताना गेला हे तुला माहीत आहे. तू फोन केला होतास, रडली होतीस. कुठल्या कामावर, ते तू विचारलं नाहीस. कुणीच विचारत नाही, मीही विचारलं नसतं. ती हीच बिल्डिंग, टीना. तुझ्या पायाखालचा स्लॅब ओतायच्या आधी त्याच्याखालच्या फळ्यांचं सेंट्रिंग जीवननं ठोकलं आहे.

हे मी तुला आधी सांगायला हवं होतं की नको, मला अजून समजलेलं नाही. तू हौसेनं घर घेतलंस. त्या घरात जेवताना तुला माझा नवरा आठवावा असं मला वाटत नव्हतं. आणि खरं सांगते, मला त्या बिल्डिंगचं नावही नको झालं होतं. पण ती कुठं सोडते. साकोलीच्या कापडदुकानाच्या कॅलेंडरवर तीच. टीव्हीवर मुंबईची बातमी लागली की बातमी सांगणाऱ्या बाईच्या मागे तीच. रश्मी दहावीला गेली, तिच्यासाठी वह्या आणल्या, तर कव्हरावर 'बदलता भारत' आणि खाली तीच, संध्याकाळच्या दिव्यांनी लखलखलेली. पोरीनं माझ्यादेखत एकेका वहीला खाकी कागद चढवला. मी म्हटलं, अगं छान चित्र आहे, राहू दे. ती म्हणाली, "छान हाय म्हणूनच झाकून राहिली."

जीवनला मात्र तिचा भारी अभिमान होता. फोन लावला की आधी बिल्डिंगची खबर, मग पोरीची, मग माझी. पहिल्यांदा त्यानं सांगितलं तेव्हा मला काही उमगेना. मी म्हटलं, वाकडी बांधून राहिले का? तर म्हणाला, "वाकडी नाही वं. माय लुगडं पिळते न वाळत घालाच्या आधी, तशी. पिळली हाय, पण धागा एकही तुटला नाही." आजपर्यंत भंडाऱ्यात, नागपुरात त्यानं जेवढी घरं बांधली त्यात खालच्या मजल्यावर ओळंबा सोडून वरचा मजला बसवायचा. इथं तो ओळंबा पिशवीतच राहिला. रोज साहेब नवी खूण देई, आज एवढं फिरवा. वर जाता जाता त्या पोरांची दिशाच हरवली. मग त्यांनी एक खेळ काढला. मजल्यांना नंबरानं बोलवायचं सोडून दिलं आणि मजला ज्या दिशेला तोंड करतो तिकडे ज्याचं गाव असेल त्या गावाचं नाव मजल्याला द्यायचं. बिहारची पोरं होती, ओडिशाची होती, एक सोलापूरकडचा होता. प्रत्येकाचा मजला येई तेव्हा तो चहा पाजी.

एकोडीचा मजला आला त्या दिवशी त्यानं मला दुपारीच फोन केला. म्हणाला, "सरे, आज सूर्य निंघते तिकडं तोंड झालं. तुया दारासमोर बसून जेवून राहिलो. भाजी काय केली सांग." मी म्हटलं, वरून हिरवा सांभार टाकून वांगी. तो म्हणाला, वास येऊन राहिला. तिथं साहेबानं बाल्कनीतच झाडासाठी मोठा हौद ओतायला लावला होता, त्याचं त्याला फार नवल. म्हणायचा, आपली धानाची कोठी त्यात मावेल, आणि लोक त्यात फुलं लावणार. टीना, तुझ्या फोटोत तो हौद आहे. त्यात तू चाफा लावला आहेस. खालीवर कुठल्याच मजल्याला तसा हौद नाही, हे तूच लिहिलं होतंस.

पुढे बिल्डिंग वळत गेली. तो म्हणाला, आता आपल्या गावाकडं पाठ झाली, बघायचं तर मान वळवावी लागते. तसल्याच वरच्या एका मजल्यावर त्याचा जीव गेला. प्रत्येक मजला थोडा सरकलेला असतो ना, तशी त्याची कडही सरकते. काल जिथं पाय ठेवायला स्लॅब होता तिथं आज नुसती हवा. जीवनच्या पायांना कालची कड माहीत होती. फळी ओढत ओढत तो मागे आला. पट्टा बांधला होता की नव्हता, यावर तिथली माणसं दोन तऱ्हेनं बोलली. मी विचारणं सोडून दिलं.

धर्मेंद्र, माझा दीर, वरठीच्या कारखान्यात आहे. तो जाऊन जीवनला घेऊन आला. मुंबईपासून गाडी, रस्ता नवा आणि सरळ, रडून रडून त्याचा डोळा लागला तो थेट साकोलीला उघडला. घरी त्रिशरण पंचशील झालं, भंतेजी आले, गाव आला. माझ्या सासूबाईंना तू ओळखतेस. वच्छलाबाई पांढरं लुगडं नेसून दगडासारख्या बसल्या होत्या. आणि त्या गर्दीत तुझी आई काठी टेकत आली, धर्मेंद्रजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "कारे बाबू, वळणं सांगत आणलं का त्याले?" धर्मेंद्रला प्रश्नच समजला नाही. सासूबाईंना समजला. त्या म्हणाल्या, "आमच्यात नाही ते, गोदावरीबाई." रागानं नव्हत्या म्हणाल्या. तुझी आई मान हलवून निघून गेली. मलाही त्या वेळी सासूबाईंचंच पटलं. माझ्या बापानं, बाबुलालनं, आमच्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या हातानं रंगवल्या होत्या. मी त्या वाचत अक्षरं शिकले. आजही अंगणवाडीत बाया पोराची नजर काढायला निघाल्या की मीच त्यांना दवाखान्यात पिटाळते.

पण ऐक. माणूस गेल्यावर घरात काहीतरी उरतं म्हणतात. स्वप्नात येतं, वास येतो, भास होतात. आपल्या गावात ज्या ज्या बाईचा नवरा गेला तिला मी विचारलं आहे, अगदी सहज विचारल्यासारखं. प्रत्येकीकडे काही ना काही आहे. आनंदाबाईचा नवरा अजून तिच्या स्वप्नात येऊन बैल बांधला का विचारतो. माझ्याकडे काहीच नाही. दोन दिवाळ्या झाल्या. त्याची उशी आहे, वस्तरा आहे, मफलर आहे, पण तो कशातच नाही. घर असं कोरडं आहे की मी कुणाला सांगू शकत नाही. मला भूत दिसलं असतं तर मी घाबरले असते, पण असं वाटलं नसतं. मी घराची कडी आतून लावते आणि मग मला वाटतं, बाहेर कुणी राहिलं आहे.

तुला तुझ्या वडिलांचं आठवतं का? केवळरामकाका. लाखनीच्या पुढे ट्रॅक्टर उलटला होता. सगळं आटोपल्यावर तुझी आई वाटीत तांदूळ घेऊन त्या जागेपासून पायी निघाली, आणि तू तिच्या मागे, आणि तू जाणार म्हणून तुझ्यामागे मी. माझ्या बापाला पत्ता लागू न देता. ऊन तापलेलं, तू एकसारखी हुंदके देत होतीस. तुझी आई रस्ताभर गप्प, फक्त वळण आलं की थांबायची आणि मोठ्यानं सांगायची, "आता डाव्या हाताले. हा पिंपळ. आता उजव्या हाताले." तू विचारलंस, बाबाले रस्ता माहीत नाही का? तिनं मान न वळवता सांगितलं, "मेलेलं माणूस सरळच जाते, बाई. वळण कोणी सांगा लागते त्याले." आणि मागे बघायचं नाही, एवढं बजावलं. गावाजवळच्या बोडीशी पोचलो, तळ्याच्या मातीच्या पाळीवरून रस्ता एकदम वळतो ना, तिथं तिनं सांगितलं, "आता पाळीवरून. घसरते, जपून." तिथून पुढे तू रडली नाहीस. घरापर्यंत नाही, आणि नंतरही नाही. कॉलेजात गेल्यावर तू मला म्हणालीस की ते सगळं आईनं स्वतःच्या समजुतीसाठी केलं. मी म्हटलं, असेल.

आणि जीवन. तू त्याला किती चिडवायचीस, वाट चुकलेलं वासरू म्हणून. आंबागडची सहल आठवते का? किल्ल्यावर सगळे चढलो, उतरताना मोजणी केली तर जीवन नाही. पायवाट जिथं वळत होती तिथं तो सरळ गेला होता. मास्तरांचा घसा बसला हाका मारून. शेवटी सापडला कसा, तर आवाजावरून. मागच्या बाजूला पडक्या बुरुजाखाली बसून दगडावर दगड मारत होता. एकदा मारायचा, थांबून कान द्यायचा, मग दोनदा. टक्. मग टक् टक्. मास्तरांनी कान पिळून विचारलं, ओरडता येत नाही का रे? तर म्हणाला, "ओरडलो तं रडू येते." ती सवय त्याला कायमची लागली. सेंट्रिंगच्या फळीवर तसंच ठोकायचा, टरबुजावर तसंच, आणि आमच्या दारावर तर रोज. लग्न झाल्यावर तू म्हणाली होतीस, गावातल्या गावात लग्न केलंस, माहेर भांडायला जवळ आणि नवरा सापडायला सोपा. तेव्हा दुसरी गोष्ट खरी वाटली होती.

आता मागच्या महिन्यात तू मला आवाजाचा संदेश पाठवलास तिथं येते. सकाळी आलेला तो संदेश मी संध्याकाळी ऐकला. मी भाताला आधण ठेवलं होतं, रश्मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. तू हसत होतीस. ऐक सरे, आमच्या महागड्या घरातलं भूत, असं म्हणालीस. सकाळी ऊन हॉलमध्ये आलं की बाल्कनीकडच्या भिंतीतून आवाज येतो, प्लंबर म्हणतो पाइप तापून वाजतात, तुझे यजमान सूरज भाऊजी म्हणतात समुद्राचा वारा. आणि मग तू फोन भिंतीला लावलास.

टक्. मग थांबून, टक् टक्.

मी काही समजायच्या आत रश्मी आतून उठून आली. हातात पेन तसंच. "आली बाबा, आली," म्हणाली आणि तिनं दाराची कडी काढली. दार उघडलं. अंगणात कोंबड्या होत्या, संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. ती कडीला हात लावून उभी राहिली. मग वळून तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. तो अजून वाजत होता, तू अजून हसत होतीस. तिनं दार लावलं नाही. मीही लावलं नाही. भात करपला. जेवायला बसलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, बाबा तिथंच अडकले ना?"

टीना, मला पाइप तापतात हे माहीत आहे. मला वारा माहीत आहे. मी स्वतःला ते सगळं सांगून बघितलं. पण पोरगी उठून दार उघडते, तेव्हा मी तिला कोणत्या पाइपाची गोष्ट सांगू? मला समजतं ते एवढंच: तो वरून खाली यायला निघाला असेल. पण त्या इमारतीत सरळ असं काही नाहीच, प्रत्येक मजल्यावर वळण आहे, आणि त्याला वळण कुणी सांगितलं नाही. येता येता जिथून गाव समोर दिसतं तिथपर्यंत आला आणि थांबला. ओरडत नाही. ओरडलं तर त्याला रडू येतं.

मी तुझ्या आईकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सुपारी कातरत म्हणाली, "तू वर जाऊन उपयोग नाही. ज्याच्या घरात थांबला त्यानंच वाट दाखवा लागते. मंग घरच्यानं न्याचं." मी म्हटलं, काकू, टीना मानेल का? ती म्हणाली, "तिले येते. माया मागं मागं चालली होती ते." सासूबाईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण एका घरात काय लपतं? त्यांनी रश्मीकडून काढून घेतलं. मला वाटलं, आता भिंतीवरच्या फोटोकडे, ज्यांनी त्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांच्याकडे, बोट दाखवतील. त्यांनी नाही दाखवलं. पौर्णिमेला नेहमीसारख्या विहारात गेल्या, नेहमीसारखं दूध घालून खीर केली. आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

तर आता माझं मागणं. पाऊस लागून धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधी मी आणि रश्मी वरठीहून विदर्भ एक्स्प्रेसनं येतो आहोत, तिकिटं झाली आहेत, दिवस तुला फोनवर सांगते. मी तुझ्या घरी येणार नाही, राग मानू नको. त्या बाल्कनीत उभी राहायची माझी छाती नाही. आम्ही दोघी खाली फाटकाबाहेर उभ्या राहू. सकाळी ऊन हॉलमध्ये आलं आणि भिंत वाजली, की तू घराचं दार उघड आणि म्हण, जीवन, सरिता खाली उभी हाय, चल. लिफ्टनं नको आणूस. जिन्यानं उतर, आणि जिना जिथं जिथं वळेल तिथं थांबून सांग, डाव्या हाताले, आता उजव्या हाताले. आपल्या बोलीतच सांग, तुझी मुंबईची मराठी त्याला समजायला वेळ लागेल. दमशील, बसत बसत ये. कुणी विचारलं तर सांग, डॉक्टरनं जिने उतरायला सांगितले आहेत. फाटकापर्यंत तुझं काम, तिथून पुढे तो माझा. स्टेशनपर्यंत, गाडीत, वरठीला, साकोलीच्या फाट्यावर, बोडीच्या पाळीवर, मी सांगत आणीन. हे लिहून पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा सासूबाई आल्या आणि त्याचा मफलर माझ्या पिशवीवर ठेवला. म्हणाल्या, "आपण असं काही मानत नाही, सरिता. पण वळणावर सांगजो त्याले. लहानपणापासून तिथंच चुकते तो." मग चुलीकडे गेल्या, आणि मी पत्र परत उघडून एवढं लिहिलं. आता एकच राहिलं. उतरताना मागे बघू नको, टीना. त्या दिवशी बोडीच्या वळणावर तू बघितलं होतंस. मी तुझ्या पाठीशीच होते, तू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलंस आणि तुझं रडू थांबलं. काय दिसलं ते तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण तू हसशील हे माहीत असूनही हे पत्र मी तुला लिहिलं, ते त्यासाठी.

तेव्हाही तुझ्यामागे चाललेली, अजूनही तुझीच,
सरिता